वृद्धांची सोय : घरचे भांडण की सरकारचे देणे?

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी संपवून सकाळी घरी परतणारा कंत्राटी कामगार, त्याच वसाहतीत दिवसपाळीला जाणारी त्याची पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आई, असे पाच जणांचे कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा झोपेतून उठलेला नाही आणि बायको कामावरून आलेली नाही, त्या मधल्या तासांत म्हातारीला कुशीवर कोणी वळवायचे? शिरूर तालुक्यात हा प्रश्न आज कोणाला काल्पनिक वाटणार नाही. भीमेच्या अलीकडे दौंड तालुक्यातही तो तसाच उभा आहे. तेथे कुरकुंभच्या कारखान्यांभोवतीच्या चाळींत आणि उसाच्या पट्ट्यातील वस्त्यांवर तो फक्त निराळ्या कपड्यांत भेटतो.

या प्रश्नाला समाजाच्या वरच्या थरातून दोन उत्तरे मिळतात. कीर्तनकार, व्याख्याते आणि सत्काराच्या व्यासपीठावरील पुढारी म्हणतात की संस्कार बुडाले, म्हणून वृद्धाश्रम वाढले. जाहिरातदार म्हणतात की काळ बदलला आहे, भावनाविवश न होता आपल्या माणसासाठी योग्य जागा निवडा. ही उत्तरे परस्परविरोधी भासली तरी त्यांच्या पोटात एकच गृहीतक आहे. म्हातारपण ही त्या त्या घराची खाजगी बाब आहे, ती घराने संस्काराने निभावावी नाहीतर पैशाने, सरकारचा आणि कारखानदाराचा तिच्याशी संबंध नाही, हे ते गृहीतक. समाजवादी चळवळीने घाव घालायला हवा तो याच गृहीतकावर.

आधी बाजाराचे उत्तर तपासू. ‘असिस्टेड लिव्हिंग’ या नावाने पुण्याच्या परिसरात जी नवी व्यवस्था विकली जाते, तिच्यात जेवण, औषधे, न्हाऊमाखू घालणे, रात्रीची देखरेख हे सारे मिळते. ही व्यवस्था वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. माणसाला शेवटच्या वर्षांत असेच काही मिळावे. पण तिची किंमत काय? उत्तरासाठी माहितीपत्रके चाळण्याची गरज नाही, सरकारचा करविषयक आदेशच पुरेसा बोलका आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला वस्तू व सेवा करातून सूट देताना २०१८ साली सरकारने मर्यादा घातली ती दरमहा माणशी २५ हजार रुपयांची. म्हणजे धर्मादाय म्हणविणारी निवासव्यवस्थाही त्या आकड्यापर्यंत जाऊ शकते, हे सरकारला ठाऊक आहे. रांजणगावच्या बहुतेक कंत्राटी कामगारांना महिनाभर राबूनही जो आकडा पगाराच्या पावतीवर दिसत नाही, तो त्याच्या आईच्या एका महिन्याच्या धर्मादाय निवाऱ्याचा! अशा माणसाला ‘निवड करा’ म्हणणे हा निव्वळ क्रूर विनोद आहे.

निवड कोणाला असते आणि कोणाला नसते, हे पाहायला दौंडइतके चांगले गाव सापडणार नाही. हे रेल्वेचे जंक्शन. येथून एक फाटा मनमाडकडे, एक सोलापूरकडे, एक बारामतीकडे जातो. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेल्या जुन्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ पासून, केंद्राच्या निवृत्ताला किमान ९ हजार रुपये आणि त्यावर महागाईचा वाढावा मिळतो. रेल्वेचा दवाखाना आहे. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात २० टक्के भर पडते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाते, कारण वय वाढले की शुश्रूषेचा खर्च वाढतो हे सरकारने येथे कागदोपत्री मान्य केले आहे. हे कोणी खिरापत म्हणून दिलेले नाही, रेल्वे कामगारांच्या संघटनांनी ते झगडून मिळविले. अशा निवृत्ताच्या घरी सून-मुलगा कुरकुरत असतील, पण त्याच्या हातात दरमहा येणारे पैसे असतात, आणि त्या पैशांमुळे त्याच्या शब्दाला घरात वजन असते.

त्याच गावापासून काही कोसांवर पाटसला साखर कारखाना आहे. साखरधंद्यात तीस-तीस हंगाम काढलेल्या कामगारांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा आधार आहे. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १ हजार रुपये ठरले आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ते तेथेच खिळून राहिले. साडेसात हजारांची मागणी घेऊन या योजनेतील वृद्ध दिल्लीच्या रस्त्यावर बसले, तरी सरकार ढिम्म. रेल्वेवाला आणि साखरवाला, दोघांचेही गुडघे सारखेच झिजतात. झिजलेल्या गुडघ्याची किंमत मात्र एकाला नऊ हजारांहून अधिक आणि दुसऱ्याला हजार! ऊसतोड मजूर, वीटभट्टीवाला, शेतमजूर बाई यांची तर या हिशेबात गणतीच नाही.

त्यांच्यासाठी ‘श्रावणबाळ’ योजना आहे, असे सांगण्यात येईल. नाव मोठे भावपूर्ण आहे. कावड मुलाने खांद्यावर घ्यावी आणि योजनेचे श्रेय सरकारने घ्यावे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. या योजनेतील रक्कम २०२३ साली दीड हजार रुपये झाली. त्यातला केंद्राचा वाटा पाहिला तर लाज वाटावी. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धामागे २००७ साली २०० रुपये ठरले आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ त्यात एका रुपयाची वाढ झाली नाही. आणि हे दीड हजार तरी कोणाला? कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपये राहिली. २१ हजारांना बारांनी भागावे. ज्या कुटुंबात महिन्याला साडेसतराशेहून अधिक रुपये येतात, त्या कुटुंबातला म्हातारा सरकारच्या लेखी निराधार नाही! आज साडेसतराशे रुपयांत सबंध कुटुंब महिनाभर जगवून दाखवील असा एक तरी मंत्री मंत्रालयात सापडेल काय? परिणाम ठरलेला आहे. तलाठ्याकडे खोटा उत्पन्नाचा दाखला मागितल्याशिवाय खऱ्या गरिबाला अर्ज भरता येत नाही. आयुष्यभर प्रामाणिकपणे राबलेल्या माणसाला सत्तरीत खोटे बोलायला लावणारी ही व्यवस्था पुन्हा संस्कारांवर प्रवचने झोडते.

याच व्यवस्थेचा आणखी एक मासला आहे. ‘लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात वयाची मर्यादा २१ ते ६५ आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. न्हावऱ्याची एखादी बाई चौसष्टाव्या वर्षी लाडकी असते, पासष्ट उलटताच तिचे दीड हजार थांबतात आणि तेच दीड हजार पुन्हा मिळवायचे तर अडीच लाखांच्या जागी एकवीस हजारांची अट तिच्या पुढ्यात येते. हात थकले, दृष्टी गेली, औषधे वाढली, नेमक्या त्या वाढदिवशी ती सरकारच्या दृष्टीने श्रीमंत होते. बहिणीचे मत हवे असते, म्हाताऱ्या आईचे बहुधा गृहीत धरलेले असते.

आता संस्कारवाद्यांकडे वळू. पूर्वीच्या एकत्र कुटुंबात वृद्धांची हेळसांड होत नव्हती, हा त्यांचा लाडका सिद्धांत. त्यांना फार दूर जायला नको, दौंड तालुक्यातील केडगावला जावे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून त्यांना केडगावच्या माळावर आसरा दिला. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांच्यावर पुण्यात केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. ते वाद आपल्या जागी. परंतु मुक्ती मिशनमध्ये आलेल्या त्या शेकडो बाया कोणत्या घरांतून आल्या होत्या? ज्या सोनेरी एकत्र कुटुंबाची आज आरती ओवाळली जाते, त्याच घरांतून. काशीला नेऊन सोडलेल्या विधवा याच संस्कृतीच्या लेकी-सुना होत्या. तेव्हा वृद्धाश्रम फारसे नव्हते, कारण घराबाहेर काढलेल्या बाईला आश्रम द्यावा ही कल्पनाही बहुतेकांना सुचली नव्हती.

शंभर वर्षे उलटल्यावरही चित्र किती बदलले? शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे १९९७ साली सिस्टर ल्यूसी कुरियन यांनी ‘माहेर’ सुरू केले. घरातून हाकललेल्या, मार खाल्लेल्या स्त्रियांसाठी निघालेल्या या संस्थेने पुढे मुले, मनोरुग्ण स्त्रिया आणि निराधार वृद्ध यांनाही जवळ केले. केडगाव आणि वढू, दोन तालुक्यांतली ही दोन ठिकाणे दोन वेगळ्या शतकांत दोन स्त्रियांनी उभी केली, तीही सरकारच्या आदेशाची वाट न पाहता. त्यांच्या कामाविषयी आदर बाळगूनच म्हणावे लागेल की सरकारने टाकलेले ओझे संस्थांच्या खांद्यावर अनंत काळ ठेवता येत नाही. देणगीवर चालणाऱ्या घराचे दार मायेने उघडते. त्या दारावर हक्क सांगता येत नाही. आणि भिक्षेकरी म्हणून नव्हे, नागरिक म्हणून म्हातारपण काढता यावे, एवढीच तर मागणी आहे.

संस्कारवाद्यांच्या प्रवचनात एक आरोपी ठरलेली असते, ती म्हणजे सून. येथे कायद्याची गंमत पाहण्यासारखी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचा त्यात उल्लेख नाही. पण २०१९ साली लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकाने सून आणि जावई यांनाही त्या व्याख्येत ओढू पाहिले. ते विधेयक मंजूर झाले नाही हे खरे, परंतु सत्ताधाऱ्यांची दृष्टी त्यातून स्पष्ट होते. जी बाई पहाटे चारला उठून पाणी भरते, दिवसा खुरपायला किंवा कारखान्यात जाते आणि रात्री सासऱ्याची लुंगी बदलते, तिच्या श्रमाला मोल देण्याचा विचार नाही. कसूर झाली तर तिला न्यायाधिकरणापुढे उभे करण्याचा विचार मात्र सुचतो. वृद्धाश्रमात गेल्यावर तरी या श्रमाचे मोल होते काय? तेथेही रात्रभर जागणारी ‘मावशी’ आसपासच्याच गावची, बहुधा एजन्सीमार्फत आलेली, भविष्यनिर्वाह निधीवाचून राबणारी. आपल्या सासूला शेजारणीच्या भरवशावर टाकून ती दुसऱ्याच्या सासूची सेवा करायला येते. निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने २०२४ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. दरवाजे, लिफ्ट, न्हाणीघरातील आधाराचे दांडे यांचा त्यात विचार आहे आणि तो चांगलाच आहे. दांडा कसा असावा याला नियम मिळाला, हात देणाऱ्या बाईच्या पगाराला मात्र नियम नाही.

ज्या कायद्याचा वर उल्लेख आला, त्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे अशा योग्यतेचे आहे. राज्य सरकार टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’, प्रारंभी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि त्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय असावी, असे ते कलम सांगते. ‘करू शकेल’, ‘करील’ नव्हे! मुलाने आईवडिलांना पोसावे यासाठी कायद्याने सक्तीची भाषा वापरली, वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली, आणि सरकारची पाळी आली तेव्हा क्रियापद बदलले. मुलाला सक्ती, सरकारला सवड. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्विनीकुमार खटल्यात प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्याचे आणि या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पावले टाकण्याचे आदेश दिले. त्याआधी, १९९५ साली, महाराष्ट्रात युती सरकारने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना काढली होती. तीही स्वयंसेवी संस्थांच्या हाती सोपवून. शिवाय जिल्ह्यात एक हे प्रमाणच हास्यास्पद आहे. पुणे जिल्ह्यात डझनाहून अधिक तालुके. दौंडच्या म्हाताऱ्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले तर त्याची बहीण त्याला भेटायला कोणत्या एसटीने जाणार?

शिक्षेचा मार्ग सत्ताधाऱ्यांना सोपा वाटतो, कारण त्यात तिजोरीला हात लावावा लागत नाही. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. शिक्षक असूनही आईला उपाशी ठेवणाऱ्याविषयी कोणालाही कळवळा वाटण्याचे कारण नाही. पण कापायला आधी पगार लागतो. ज्याचे काम ठेकेदाराच्या मर्जीवर आज आहे आणि उद्या नाही, त्याचे ३० टक्के म्हणजे काय?

पैसा नाही, हा सरकारचा नेहमीचा बचाव. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचे तत्त्व आहे, मात्र ‘आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत’, हे शब्द या बचावासाठी नेहमी पुढे केले जातात. तर मग केरळचे उदाहरण घ्यावे. कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी वेदनाशामक शुश्रूषेचे काम सुरू केले. २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरण केले आणि पंचायतींनी परिचारिका नेमून अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी पाठविण्यास सुरुवात केली. केरळ हे काही सोन्याच्या खाणींचे राज्य नव्हे. श्रीमंत भांडवलशाही देशांनीही हा प्रश्न मुलांच्या संस्कारांवर सोडलेला नाही. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली सक्तीचा शुश्रूषा विमा आणला. जपानात चाळिशी गाठलेला प्रत्येक जण त्यासाठी वर्गणी भरतो. आणि महाराष्ट्राला तर परदेशात पाहायचेही कारण नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेऊन मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान देता येते हे सिद्ध केले. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांकडून कंत्राटी मजुरीवर तशीच लेव्ही घेऊन तालुक्यात शुश्रूषेची व्यवस्था का उभी राहू नये? या वसाहतींनी गावांच्या जमिनी घेतल्या, तरुण घेतले, दिवसाची आणि रात्रीची पाळी घेतली. घरी मागे राहिलेल्या म्हातारीचा हिशेब त्यांच्या ताळेबंदात नाही एवढेच. असंघटितांना किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन द्या, ही मागणी अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने २०१२ पासून लावून धरली. ती मागणी आणि ही लेव्ही ही एकाच लढ्याची दोन टोके आहेत.

चळवळीतही एक आक्षेप घेतला जातो. हे सारे सुधारणावादी काम आहे, मूळ प्रश्न वेतनाचा आणि जमिनीचा, असे काही जुने कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी पूर्णवेळ काम करताना ना घर बांधले ना निधी साठविला, आणि आज त्यांची शुश्रूषा कोण करते? बहुधा पत्नी, तीही सत्तरीची. चळवळीने आपल्या माणसांच्या म्हातारपणाचा विचार केला नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

लढा होईपर्यंत अनेक घरांना निर्णय आजच करायचा आहे, हेही विसरून चालणार नाही. कार्यकर्त्याकडे लोक सल्ला मागायला येतात तेव्हा त्याने त्यांना अपराधी ठरवू नये. संस्था पाहायला सकाळी सत्काराच्या वेळी न जाता संध्याकाळी न कळवता जावे. रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात, त्या किती महिने टिकतात, हे स्वयंपाकघरात विचारले तर खरे कळते. अनेक ठिकाणी फक्त हिंडत्या-फिरत्या वृद्धालाच प्रवेश असतो. तो अंथरुणाला खिळला की काय करणार, हे लेखी घ्यावे. अनामत रक्कम केव्हा आणि किती परत मिळेल, हेही लेखी. आणि सर्वांत आधी ज्याला जायचे आहे त्याला विचारावे; आश्चर्य म्हणजे एवढी एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. जमिनीबाबत तर विशेष जपावे. या दोन तालुक्यांत जमिनीचे भाव चढल्यापासून बक्षीसपत्रे आणि हक्कसोडपत्रे घाईने होतात. २००७ च्या कायद्याचे तेविसावे कलम असे हस्तांतर रद्द करण्याचा मार्ग देते, पण सांभाळण्याची अट घातलेली असावी लागते, आणि तिच्या अभावी दावा कोसळू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या निकालाने दाखविले आहे. तेव्हा बक्षीसपत्र करायचेच तर ‘हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी’ ही ओळ त्यात लिहून घ्यावी. निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे करायला वकील लागत नाही. कार्यकर्त्याने अर्ज लिहून द्यावा, सोबत जावे.

शाखांपुढचे काम यातूनच निघते. १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत दोन्ही तालुक्यांतील गावांनी ठराव करावेत: एकोणिसाव्या कलमातील वृद्धाश्रम जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या गावी आणि सरकारी खर्चाने, प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरी येणारी पगारी परिचारिका, आणि श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी. प्रत्येक ठरावाला गावातील अंथरुणावरच्या वृद्धांची यादी जोडावी; ती तयार करायला आशाताईंची मदत होईल, आणि त्यांच्याही मानधनाचा प्रश्न त्याच बैठकीत घ्यावा. ठराव प्रांताधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना द्यावा, आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची एक प्रत शाखेच्या कार्यालयात ठेवावी.